विलासची फियाट आणि माझा फळा

विलास गेल्याचा फोन शाळेत आला तेव्हा मी नववीच्या वर्गात फळ्यावर वर्तुळ काढत होतो. आमचे कारकून दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी नुसती मान हलवली... खडू हातात धरूनच मी नारायणगावहून ओझरकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. त्याच्या गावाच्या फाट्यावर उतरलो तेव्हा मुठीत खडूची भुकटी झाली होती. दहा वर्षं शर्यतीत गाड्या पळवणारा माणूस, कधी साधं खरचटलंसुद्धा नाही, आणि त्या दिवशी सकाळी बागेतून येऊन पडवीतल्या खुर्चीत चहाची वाट बघत बसला तो बसलाच. वहिनी कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा त्याची मान एका बाजूला कलली होती. पन्नाशीसुद्धा धड उलटली नव्हती. खरं सांगायचं तर मला दुःखाच्या आधी त्याचा रागच आला. एक गोष्ट मला त्याच्याजवळ कबूल करायची होती. ती मी अकरा वर्षं आज सांगू, उद्या सांगू करत लांबवली होती, आणि हा मला न विचारता निघून गेला.

मी मूळचा घोडेगावचा. गणिताचा मास्तर म्हणून या बाजूच्या शाळेत लागलो त्याच वर्षी विलासच्या गावच्या यात्रेत लोकांनी मला धरून बैलगाड्यांच्या घाटावर, मांडवात नेऊन बसवलं. घाट म्हणजे गाडे पळतात ती चढाची धाव, आणि एका गाड्याचं एकदा पळणं म्हणजे एक बारी. कुठली बारी किती सेकंदांत आली ते लिहायला शिकलेला, हिशेबाचा पक्का माणूस हवा असतो. तो मान माझ्याकडे आला आणि पुढची वीस वर्षं राहिला. आमच्या त्या घाटाची एक रीत होती. पहिली बारी देवाची. तिला घड्याळ लावत नाहीत, ती कुणाशी स्पर्धा करत नाही, पण वहीत तिचा नंबर एकच. दुसऱ्या आकड्यापासून खरी चढाओढ सुरू. पहिल्या वर्षी मी देवाची बारी सोडून मोजायला लागलो तेव्हा विलासचे वडील, आबा, माझ्यावर असे कडाडले की हातातलं पेन खाली पडलं. "मास्तर, देवाला मोजत न्हाई व्हय तुमी?" त्यानंतर ती चूक माझ्या हातून कधी झाली नाही. विलास माझी ओळख करून घ्यायला आला तो हसतच. आबांच्या शिव्या खाल्लेला माणूस म्हणजे घरचाच, असं त्याचं म्हणणं पडलं.

आबा म्हणजे जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत नाव असलेले गाडामालक. घरात भिंतभर ढाली. आणि त्यांच्या पोटी हा मुलगा असा निघाला, की ज्याला बैलापेक्षा इंजिनाचा आवाज गोड वाटायचा. मंचरच्या एका डॉक्टरांची जुनी पांढरी फियाट त्यानं घेतली, पुढची एक सोडून सगळ्या सीटा काढून टाकल्या, आणि द्राक्षाच्या मांडवाचे लोखंडी अँगल जोडून देणाऱ्या माणसाकडून आत पाइपांचा पिंजरा वेल्डिंग करून घेतला, गाडी उलटली तर डोकं शाबूत राहावं म्हणून. पुण्यातल्या एका मोटार क्लबात साध्या घरगुती गाड्यांच्या हौशी शर्यती होतात, एवढं त्याला कुठूनतरी कळलं होतं. कुकडीच्या काठच्या पडीक रानात डांबराची रिकामी पिंपं मांडून तो त्यांच्याभोवती गाडी फिरवत सुटायचा, आणि मी बांधावर घड्याळ घेऊन. धुळीनं माझा सदरा असा व्हायचा की घरी गेल्यावर बायको आधी मला अंगणात झटकायची. आबा लांबून बघायचे, मिशीत हसायचे. "आमचे बैल गाड्यावर मानूस नसताना सरळ पळत्यात," ते म्हणायचे, "आन् तुझ्या त्या डब्याला आत मानूस बसवावा लागतो." विलास म्हणायचा, "आबा, येकदा येऊन तर बघा." आबा काही आले नाहीत. पण एका दिवाळीत, सगळ्या भावकीसमोर, त्यांनी शब्द दिला. "येक पयला नंबर आन. बैलावर उधळतो तसा मी माज्या हातानं तुझ्या गाडीवर भंडारा उधळीन." विलास त्या दिवसापासून जो पेटला तो पेटलाच. आबांची ऐंशी जवळ आली होती, हे त्यालाही दिसत होतं आणि मलाही.

पुण्याच्या क्लबातली मंडळी पैसेवाली, इंग्रजी बोलणारी. त्यांच्या गाड्यांची चाकंसुद्धा वेगळी. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडी तपासणाऱ्या गृहस्थानं आमच्या पिंजऱ्याचं वेल्डिंग बघून विचारलं की हे कुणी केलं, आणि द्राक्षाच्या मांडवाचं ऐकून तो पोट धरून हसला. मग त्यानं पाइपाला लाथ मारून पाहिली, लोंबकळून पाहिलं, आणि कागदावर सही केली. विलासला कुणाच्या हसण्याचा कधी राग आला नाही. तो प्रत्येक वेळी टोमॅटोचं एक क्रेट गाडीत टाकून न्यायचा आणि मेकॅनिकपासून क्लबाच्या अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना पिशव्या भरून द्यायचा. दोन वर्षांत परिस्थिती अशी झाली की हा दिसला नाही तर लोक विचारायचे, नारायणगावकर कुठे आहेत? तिथल्या शर्यती मातीवर, एकेका गाडीनं घड्याळाविरुद्ध धावायच्या, अगदी आमच्या घाटासारख्याच. तो चौथा आला, तिसरा आला, एकदा दुसरा आला. पहिला मात्र काही केल्या येईना.

मग एका जानेवारीत क्लबानं त्याला दक्षिणेतल्या पक्क्या डांबरी ट्रॅकवरच्या सलून, म्हणजे साध्या बंद टपाच्या गाड्यांच्या शर्यतीला पाठवलं. तिथं सगळ्या गाड्या एकदमच सुटतात, आणि आठ फेऱ्या. फियाट तिकडं न्यायची कशी? गावातून द्राक्षं घेऊन जाणारा एक दहा चाकी ट्रक होता. मातीचा उतार करून आम्ही फियाट मागच्या अर्ध्या भागात चढवली, पुढच्या अर्ध्यात द्राक्षाच्या पेट्या, आणि केबिनमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी विलास, मी आणि शाळेतला एक जुना हातफळा. फळ्याचं काम असं होतं, की शर्यतीत हेल्मेट घातलेल्या माणसाला काही ऐकू येत नाही, म्हणून त्याचा एक माणूस कठड्याशी उभा राहून किती फेऱ्या उरल्या ते पाटीवर लिहून दाखवतो. विलास म्हणाला होता, "पाटी मास्तरांच्या हातात. मंग मला फकस्त गाडी बघायची." दोन दिवसांच्या त्या प्रवासात त्यानं पहिल्या नंबराचा एकदाही उच्चार केला नाही. पण निघताना आबांनी भंडाऱ्याची पुरचुंडी कोनाड्यात काढून ठेवली होती, ती आम्ही दोघांनीही पाहिली होती.

आता जे सांगायचं ते सांगतो. शर्यत सुटण्याआधी सगळ्या गाड्या ओळीनं, कुणी कुणाला मागं न टाकता, टायर गरम करायला एक फेरी मारून येतात आणि परत रेषेवर उभ्या राहतात. ती फेरी मोजायची नसते. आदल्या दिवशी कुणीतरी हे इंग्रजीत भरभर सांगितलं होतं, आणि मी मास्तर असल्यामुळे सगळं समजल्यासारखी मान डोलावली होती. त्या गाड्या शांतपणे, एकामागोमाग एक फिरून आल्या, आणि माझ्या हातानं फळ्याच्या कोपऱ्यात आपोआप एक रेघ ओढली. स्पर्धा नसलेली पहिली बारी, पण नंबर एक... इतक्या वर्षांचा हात होता तो, त्याला कुणी विचारायचं? झेंडा पडला. विलास सहाव्या जागेवरून सुटला. तिसऱ्या फेरीला चौथा, पाचव्या फेरीला दुसरा, आणि सातवी फेरी संपवून तो माझ्यासमोरून गेला तेव्हा सगळ्यांच्या पुढे होता. माझ्या कोपऱ्यात आठ रेघा झाल्या होत्या. मी फळाभर मोठं पूज्य काढलं, म्हणजे आता एकही फेरी उरली नाही, आणि दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. मी नाचतही होतो, मला आठवतं. विलासनं ते पाहिलं, खिडकीतून हात बाहेर काढून मला दाखवला, आणि गाडी हळू केली. त्याच्या दोन्ही बाजूंनी दोन गाड्या सुसाट निघून गेल्या. त्या का थांबत नाहीत हे मला कळायला दोन क्षण लागले, त्याला वळणापर्यंत कळलं. उरलेल्या फेरीत त्यानं जी गाडी काढली तशी मी कधी पाहिली नाही. एकाला त्यानं गाठलं. दुसरा राहिला, बॉनेटभर अंतरानं.

मी सदऱ्याच्या बाहीनं फळा पुसून टाकला. का पुसला, कुणापासून लपवत होतो, अजून सांगता येत नाही. विलास उतरला, हेल्मेट काढलं, घामानं डबडबलेला. क्लबाचे लोक धावत आले, काय झालं, काय झालं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मोजायला चुकलो राव. संपली म्हनून पाय काढला." घरी आल्यावर आबांनाही त्यानं तेच सांगितलं. आबा पडवीत बसलेले, शेजारी ती पुरचुंडी. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "लई भारी पळालास म्हनं," ते म्हणाले, "पन नेम म्हंजे नेम." आणि पुरचुंडी उचलून आत देव्हाऱ्यात ठेवून आले. मी तिथंच उभा होतो. तोंड उघडलं असतं तर म्हातारा माझ्यावर कडाडला असता, आणि कदाचित चूक मुलाची नाही म्हणून उठून त्यानं भंडारा उधळलाही असता. मी तोंड उघडलं नाही. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती, दुसरं कारण काहीही नाही. पुढच्या श्रावणात आबा गेले.

विलास त्यानंतर आणखी चार वर्षं गाडी चालवत राहिला, पण पोरांच्या नव्या गाड्यांपुढं फियाटचं काही चालेना. पुन्हा तो कधी दुसराही आला नाही. शर्यत सुटली, आमची मैत्री सुटली नाही. उलट त्याचं एक वेड वाढलं. जरा कुठं मोजायचं निघालं की तो कागद घेऊन माझ्याकडे यायचा. शेततळ्यात पाणी किती मावेल, मुलीच्या लग्नाला पंगती किती बसतील, फवारणीच्या टाकीत औषध किती घालायचं. मोबाइलमध्ये आकडेमोड करता येते, हे मी त्याला चारदा दाखवलं. तो म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या, तुमीच सांगा." मी उत्तर लिहून द्यायचो, तो बघायचासुद्धा नाही, घडी घालून खिशात. मला वाटायचं, हा माझी चूक जाणतो आणि मला सांभाळून घेतो आहे. कधी वाटायचं, जाणत नसेल. आणि कधी, चिडलो असलो म्हणजे, वाटायचं की हा मला गोड बोलून टोचतो आहे. विचारलं असतं तर एका वाक्यात मिटलं असतं...

दशक्रिया झाली, पै-पाहुणे पांगले. द्राक्षाची ऑक्टोबरची छाटणी कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे गेल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा वहिनी बागेतून नुकत्याच आल्या होत्या. डोक्याचा रुमाल सोडून त्या माझ्यासमोर बसल्या आणि मी, त्याला सांगायचं होतं ते त्यांना सांगून टाकलं. फळा, कोपऱ्यातल्या रेघा, पूज्य, सगळं. आबांची पुरचुंडीसुद्धा. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"मला म्हायती हाय, मास्तर," त्या म्हणाल्या. "आल्या आल्या सांगितलं व्हतं त्यांनी. ते बी फेऱ्या मोजत व्हते की. त्यांच्या मोजनीनं येक बाकी व्हती."

"मग थांबला कशाला?" मी जवळजवळ ओरडलोच.

"मी बी तेच इचारलं. तर म्हनले, फळ्यावर पूज्य दिसलं. मास्तर चुकायचा न्हाई, मीच कुटंतरी चुकलो आसंल." त्यांनी रुमाल झटकून मांडीवर ठेवला. "मास्तरला बोलू नको म्हनले. त्यो पुना पाटी हातात धरायचा न्हाई."

बाहेर ट्रॅक्टर चालू झाला, तशा वहिनी उठल्या, आतून औषधाचा पुडा आणि एक कागद घेऊन आल्या. लिटरला अडीच ग्रॅम, टाकी सहाशे लिटरची. "येवढं बघून द्या," त्या म्हणाल्या, "मानसं खोळंबल्यात." चौथीतल्या पोराचं गणित. मी उत्तर काढलं, दीड किलो. मग पुडा उलटा करून प्रमाण वाचलं आणि पुन्हा काढलं. दीड किलो. मी कागद उलटवून तिसऱ्यांदा मांडायला लागलो तेव्हा वहिनींनी तो माझ्या हातातून काढून घेतला, न बघता घडी घातली आणि कमरेला खोचली.

"बास, मास्तर," त्या म्हणाल्या. "तुमी येकदा सांगितलं की आमच्या घरात पुना मोजत न्हाईत."