अक्काने न लावलेली बाटली

अक्का गेली त्याला आता सहा आठवडे होतील. दहाव्याला नदीवर पिंड ठेवले आणि कावळा काही शिवेना. अर्धा तास गेला, तास गेला. समोरच्या बाभळीवर चार-पाच कावळे बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. अशा वेळी काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. माणसाची काहीतरी इच्छा राहिली असं धरून एकेक जण हात जोडून पुढे होतो, तुझं अमुक बघू, तमक्याची काळजी करू नको, असं कबूल करतो. अक्काला ना संसार ना लेकरू. काय कबूल करावं ते कुणाला सुचेना. तेव्हा आमचे नाना, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, काठी टेकत उठले आणि सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणाले, "तिले एक बाटली बी लाई नही कोनी. तीच इच्छा ऱ्हायनी." एवढ्यावर थांबतील तर ते नाना कसले... त्यांनी कुणाला तरी मेडिकलवर पिटाळलं आणि सलाइनची बाटली आणवून पिंडाशेजारी नारळाला टेकवून उभी केली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण बोललो असतो तर रडू फुटलं असतं, आणि नानांपुढे मला रडायचं नव्हतं. म्हणून ते उत्तर इथे देतो. वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी काहीतरी हळवं लिहा असं सांगितलंय. हळवं त्यांनी दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यावं.

अक्का माझी थोरली बहीण. धुळे तालुक्यातल्या आमच्या गावातली शिकून डॉक्टर झालेली पहिली पोरगी. पहूरला तिचा सहा खाटांचा दवाखाना होता. आमच्याकडे आजारी माणसाला बाटली टांगलेली दिसली की घरच्यांच्या जिवात जीव येतो. अशक्तपणा, ताप, चक्कर, काहीही असो, बाटली लावणारा डॉक्टर चांगला आणि न लावणारा येडा, एवढा सरळ हिशेब. अक्का त्या हिशेबात कधी बसलीच नाही. नाडी बारीक झालेला, हातपाय गार पडलेला माणूस आला की बाटलीला हात लावायच्या आधी ती त्याला सपाट निजवायची, त्याच्या टाचा स्वतःच्या हातांनी उचलायची आणि पाय उंच करून गादीच्या वळकटीवर ठेवायची. मग मनगटावर बोटं आणि डोळे घड्याळाकडे, मिनिटभर. धुळ्याला शिकत असताना वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या सिस्टरने तिला हे दाखवलं होतं. पायातलं रक्त छातीकडे उतरतं. म्हणजे माणसाला त्याचंच थोडं रक्त देऊन बघायचं. नाडी भरून आली तर त्याला पाण्याची गरज आहे, लाव बाटली. नाही आली तर हृदयाला ते पाणी झेपणार नाही, ते फुप्फुसात साठेल आणि माणूस खाटेवर पडल्या पडल्या बुडेल. "पाय खाली ठेवले की आपलं रक्त परत जागेवर जातं," ती म्हणायची. "बाटलीतलं एकदा गेलं की मागे घेता येत नाही."

यात एक भानगड होती. डॉक्टरीणबाईने पायाला हात लावायचा म्हणजे काय! म्हातारी माणसं मरायला टेकलेली असायची, तरी पाय आखडून घ्यायची. पहूरच्या एका आजोबांनी तर तसल्या अवस्थेत उलट तिलाच हात जोडले होते, पाय नको धरू, मला पाप लागेल म्हणून. पाप लागलं तर माझ्या नावावर घाला आणि गप पडून राहा, असं तिने त्यांना दटावलं होतं. हळूहळू तिला 'पाय धरणारी बाई' हेच नाव पडलं. तिला त्याचं काही वाटत नसे. उलट, तिचा अंदाजही चुकतो, हे ती न विचारता सांगायची. एकदा एका बाईची नाडी पाय उचलल्यावर छान भरली, म्हणून अक्काने बाटली लावली, आणि अर्ध्या बाटलीतच छाती घरघरायला लागली. तिने बाटली बंद केली आणि ती बाई सुधारेपर्यंत दिवसभर खाटेजवळून हलली नाही. म्हणून तर बाटली लावून झोपायला जाऊ नये, म्हणायची.

आता मुद्द्याचं. ऐंशीनंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. आई गेल्यावर आमचे आबा अक्काकडेच राहायला आले होते. एका सकाळी त्यांच्या छातीत कळ आली, घामाने धोतर भिजलं. मी दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला. निरोप मिळाल्यावर धावत आलो. नाना आणि चुलतभाऊ जीप करून आले. आबा पांढरेफटक पडलेले, नाडी लागता लागेना. आणि त्यांच्या खाटेशेजारचा स्टँड रिकामा! गावभर डॉक्टरीण म्हणून मिरवणाऱ्या पोरीने स्वतःच्या बापाला साधी बाटली लावलेली नव्हती. नाना विनवत होते, "एक बाटली लाई दे ना वं, बेटी." मी विनवलं नाही. मी ओरडलो, नको ते बोललो. अक्का शांत होती. तिने आबांचे पाय उचलून वळकटीवर ठेवले आणि मला म्हणाली, "ये, तूच बोट ठेव. नाडी भरली तर तुझ्या हाताने बाटली लाव."

मी हात मागे घेतला... मला बघायचंच नव्हतं. बघितलं असतं तर तिचं ऐकावं लागलं असतं.

बाकीची औषधं, ऑक्सिजन, सगळं चालू होतं. पण असल्या गोष्टी कुणाच्या लक्षात राहत नाहीत. आबा दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. जाण्याआधी बशीतून दोन घोट चहा प्यायले, तिच्या डोक्यावर हात ठेवून "तू करशी ते बठ्ठं बरोबर शे", तू करशील ते सगळं बरोबरच, असं म्हणाले. मी ते कानांनी ऐकलं, आणि तरी भाऊबंदांच्या बाजूने उभा राहिलो. पोरीने बापाला कोरडा मारला, हे वाक्य जळगाव-धुळ्याच्या सगळ्या सोयऱ्यांत फिरलं. जी स्वतःच्या बापाची झाली नाही ती आपली काय होणार, म्हणून पहूरची माणसंही दुसरीकडे जाऊ लागली. कित्येक महिने तिच्या सहाच्या सहा खाटा रिकाम्या होत्या. तिने एक बाटली उगाच टांगली असती तरी दवाखाना पुन्हा भरला असता. नाही टांगली. आणि मी, सख्खा भाऊ, तिच्याशी दोन वर्षं बोललो नाही.

बोललो ते नाइलाजाने. एका उन्हाळ्यात मला जुलाब-उलट्या अशा लागल्या की उठता येईना. बायकोने माझं काही न ऐकता मला रिक्षात घातलं आणि पहूरला नेलं. अक्काने ना कपाळाला आठी घातली ना एक शब्द विचारला. वाकून माझ्या टाचा उचलल्या. थोरल्या बहिणीने धाकट्याचे पाय धरायचे... मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मिनिटभर नाडी बघितली आणि म्हणाली, "भरतेय. लावा बाटली." एकामागून एक बाटल्या लावल्या, आणि प्रत्येकीच्या आधी पाय उचलून बघितलं. चौथी लावायच्या वेळी नाही म्हणाली, आता पुरे. संध्याकाळी मी उठून बसलो तेव्हा तिने विचारलं, टाकीतलं पाणी खाली गेलं आणि पंप कोरडा ओढायला लागला तर तुम्ही दीपनगरला काय करता? मी म्हणालो, टाकी भरतो. "आणि पंपच जळत आला असेल तर?" मी म्हणालो, मग मागून पाणी सोडून उपयोग नाही, तुंबतं. हे मीच बोललो. पंपांवर वीस वर्षं काढलेला माणूस मी. आबांची टाकी भरलेलीच होती. पंप थकला होता. अक्का उठून आत गेली. पेज आणून दिली आणि मीठ बरोबर आहे का, एवढं विचारलं.

यंदा तिचंच हृदय थकलं. ते थकत चाललंय हे तिला दोन वर्षांपासून माहीत होतं. आम्हाला शेवटी कळलं. जळगावच्या दवाखान्यात तिचं प्रेशर उतरलं तेव्हा तिथले तरुण डॉक्टर बाटली घेऊन आले. अक्का धापा टाकत होती, तरी हाताने थांबा म्हणाली. "आधी पाय," ती म्हणाली, "आणि नाडी हा बघेल." डॉक्टरांनी आढेवेढे घेतले नाहीत. उशी काढून तिला हळूच निजवलं आणि स्वतःच्या हातांनी तिच्या टाचा उचलल्या. आयुष्यभर लोकांचे पाय धरणाऱ्या बाईचे पाय पहिल्यांदा कुणीतरी धरले. मी तिच्या मनगटावर बोटं ठेवली. पंधरा वर्षांपूर्वी मागे घेतलेली तीच बोटं.

मला खोटं बोलायचं होतं. देवाशपथ सांगतो, भरली म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. भरली म्हटलं की बाटली लागणार, बाटली लागली की आम्ही काहीतरी केलं असं होणार, आणि नानांचं तोंड बंद. बोटांखाली नाडी दोरा हलावा तशी हलत होती. मिनिट संपलं तरी तेवढीच.

"भरली का रे?"

"नाही, अक्का. तेवढीच आहे."

"खरं?"

"खरं."

"मग नको," ती म्हणाली, आणि डोळे मिटून हसली. डॉक्टरांनीही प्रेशर बघून मान हलवली, पाय खाली घेतले, उशा परत लावल्या. त्यांची बाकीची औषधं चालूच होती. त्यानंतर ती दोन दिवस होती, आणि ते दोन्ही दिवस माझ्याशी बोलत होती. आबांबद्दल, वांग्याच्या भरताबद्दल, माझ्या लहानपणच्या खोड्यांबद्दल. तिचा श्वास बुडाला नाही. शब्द शेवटपर्यंत स्पष्ट होते. हे दोन दिवस मला त्या 'नको'ने दिले, आणि जगातल्या कुठल्याही बाटलीशी मी ते बदलणार नाही.

तर नाना, ऐका. अक्काची बाटलीची इच्छा राहिली नव्हती. बाटली नको, हीच तिची इच्छा होती, आणि ती पुरी करणारा मी. आबांच्या वेळी तुमच्या बाजूने उभा राहिलो ती चूक माझी. ती आज या चारचौघांत कबूल करतो. त्या दिवशी कावळा शेवटपर्यंत शिवला नाही, दर्भाचा करून शिववावा लागला. नसेल शिवला. कावळ्याला नाडी कुठे बघता येते?

तुमची बाटली मी नदीवरून उचलून घरी आणली. दीपनगरच्या क्वार्टरमध्ये खिडकीत ठेवली आहे, शेजारी तिचं घड्याळ. येणारे-जाणारे विचारतात, ही कशाला ठेवली? तुम्हीही या एकदा आणि बघा. सील फोडलेलं नाही, थेंबभरही कमी झालेली नाही.