धुतलेली कोकरं

पूर्णा स्टेशनवर आबांनी माझी बॅग सीटखाली ढकलली आणि खाली उतरून खिडकीपाशी उभे राहिले. शेजारच्या खिडकीतला बाप लेकीला सूचना देऊन थकत नव्हता. माझे वडील मात्र गाडीच्या चाकांकडे बघत होते. माय घरीच होती, कारण मेंढरांपाशी कुणीतरी हवंच. गाडी हलली तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "तब्येतीला जप, बाई." मला वाटलं, सुटले बिचारे एकदाचे.

असं वाटायला कारण होतं. बारावीच्या वर्षी मी सकाळी ताडकळसहून एसटीनं पूर्णेच्या कॉलेजात जायची आणि संध्याकाळी प्रवेश परीक्षेची पुस्तकं उघडायची. शनिवार-रविवार गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात अनुभव घ्यायची, कारण मला जनावरांची डॉक्टरच व्हायचं होतं. कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी घरचीच कोकरं निवडली. दर आठवड्याला वजन करायचं, वहीत लिहायचं. दवाखान्यातलं जुनं ॲप्रन घालून मी मेंढरांच्या वाड्यात शिरले की माय म्हणायची, "आल्या बघा डॉक्टरीणबाई, लेंड्या तुडवीत."

एका रविवारी आबा मानवतला गेले होते आणि माझ्या डोक्यात स्वच्छतेचं खूळ शिरलं. दवाखान्यात सगळं कसं औषधानं पुसलेलं, आणि आमची कोकरं ही अशी! दोन दिवसांची जुळी कोकरं मी कोमट पाण्यात औषधी साबणानं घासून धुतली, टॉवेलनं कोरडी केली आणि वजन करून मेंढीपुढे सोडली. मेंढीनं एकाला हुंगलं आणि ढुशी मारली. दुसऱ्यालाही तेच.

आबा आले, त्यांनी कोकरू उचलून नाकाशी धरलं आणि मटकन खाली बसले. "पिलाचा वासच धुवून टाकलास, बाई. आता तिनं कशावरून वळखावं?"

ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. पुढचे चार दिवस मायनं कळप चारायला नेला आणि आबा वाड्यातच राहिले. मेंढीचं दूध काढून कोकरांच्या अंगाला चोळायचे, तिला पायांत धरून त्यांना पाजायचे. थोरलं तिनं घेतलं. धाकटं गेलं.

वहीतला धाकट्याचा त्या आठवड्याचा रकाना मी कोरा ठेवला होता. दुसऱ्याच एखाद्या कोकराचं वजन तिथे लिहून मोकळं व्हावं, असं मनात होतं. आबांना वाचता येत नाही, पण त्यांनी नेमकं त्या रकान्यावर बोट ठेवलं. "हितं काय लिवणार?" मी वही मिटू लागले. "जे झालं ते लिव. न्हाई तर दुसरं कुणी हेच करंल."

मी लिहिलं. पण त्यानंतर आबांनी मला मेंढरांचं एकही काम सांगितलं नाही. "तू अभ्यास कर," म्हणायचे. हिच्या हाती जनावर द्यायचं नाही, असा मी त्याचा अर्थ लावला आणि तोच घेऊन गाडीत बसले.

आता नागपुरात जनावरांच्या डॉक्टरकीचं शेवटचं वर्ष आहे. इंटर्नशिप, सबमिशन, व्हायवा आणि पुढच्या प्रवेशाचे फॉर्म, सगळं एकदमच अंगावर आलंय. ओपीडीत शाम्पूचा वास येणारी कुत्री येतात. पूर्णेच्या कॉलेजात असताना मी कपडे दोनदा धुवायची, बसमध्ये कुणाला मेंढरांचा वास येऊ नये म्हणून. आज त्या ओल्या लोकरीच्या वासासाठी जीव तुटतो. आबांचे फोन येतात, पण बोलणं मेंढरांचंच. कुणी लंगडतंय, कुणाच्या नाकातून पाणी येतंय. मला वाईट वाटायचं, की लेकीशी बोलायला यांच्याकडे दुसरं काहीच नाही.

गेल्या आठवड्यात हरियाणात पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. मी आबांना फोन करून सांगितलं.

"जा की," ते म्हणाले. "पण मंग मेंढरांचं म्या कुणाला इचारू? पाच साल झालं, लोकं म्हणत्यात दवाखान्यात ने. मी म्हणतो, थांबा, आधी पोरीला इचारतो."

मी हॉस्टेलच्या जिन्यात बसले आणि हमसून हमसून रडले. "मलाच इचारा, आबा," कसंबसं म्हणाले. "तिथंबी फोन लागतो."

यंदा गावातून बाहेर पडणाऱ्या पोरींनो, बापाच्या गप्प बसण्याचा अर्थ घाईनं लावू नका. मी लावला, आणि पाच वर्षं उगाच परकी होऊन राहिले. माझ्या हातून एक कोकरू गेलं, हे ज्या घराला माहीत आहे, तेच घर मेंढी आजारी पडली की आधी मला विचारतं.