अन्नपूर्णाबाईची दप्तरं

अन्नपूर्णाबाईले भर उन्हात चालताना पाहून नांदुऱ्यातल्या बाया हळहळायच्या. मले हसू यायचं. अवं, उन्हात चालायले मिळावं म्हणूनच तर ती बाई जीव टाकत होती!

मी तिची शेजारीण, कोकिळा. आमच्या अंगणांमधी एकच भिंत, पण मी बाजारहाट करणारी अन् तिचं सासर देशमुखी. त्या घरच्या बाया उंबऱ्याबाहेर पायी जात नसत. देवाले जायचं तरी पडद्याची दमणी, म्हणजे बैलांची लहान गाडी, जुंपायची. नवरा गेला अन् तिचं तेही बंद झालं. घरात कोणी टाकून बोलत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. धाकटा दीर हिंमतराव तर देवमाणूस, वहिनीनं मागायच्या आधी वस्तू हजर. फक्त बाहेर जाऊ द्या, हे मागायची सोय नव्हती. भिंतीपलीकडून ती मले विचारायची, "कोकिळे, स्टेशनाकडं कापसाच्या गाड्या लागल्या का वं?"

मंग एक दिवस लोकल बोर्डाच्या शाळेचे महादेवराव मास्तर हिंमतरावांकडं आले. गरिबांची पोरं पाटी फडक्यात बांधून आणत. फडकं फाटलं की पाटी फुटे, अन् पाटी फुटली की पोरगं घरीच बसे. त्यांच्यासाठी जुनी दप्तरं, जुनी लुगडी गोळा करायची होती. पण घरोघरी कपड्यांच्या पेट्या माजघरात, तिथं पुरुषानं कसं जावं? हिंमतराव म्हणाले, "धर्माचं काम हाये. आमच्या वहिनी जातील."

बस्स! दुसऱ्याच दिवशी डोक्यावरून पदर घेऊन, काखेत बोचकं मारून बाई रस्त्यावर. कोणाकडून उसवलेलं दप्तर आणायची, कोणाकडून लुगड्याचा धड राहिलेला पदर, अन् घरी बसून शिवायची. जवळच्या घरी जायले स्टेशनावरून वळसा घ्यायची. एकाच घरी पुन्हा पुन्हा जायची.

मी चिडवलं, "बाई, काऊन छळता त्यांले? आता अंगावरची लुगडी तेवढी उरली त्यांच्या!"

ती खुदकन हसली. "अवं, पोरं शाळेत येऊनच राह्यली ना!" मंग एकदम चेहरा उतरला तिचा. "दप्तरं पुरी झाली तर मी कशाच्या नावानं बाहेर पडू, कोकिळे? मले धडकीच भरते."

दसऱ्याले शाळेत पाटीपूजन झालं, अन् तिनं शिवलेली दप्तरं वाटली. आम्ही बाया एका बाजूले बसलो होतो. मास्तरांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं. मंग हिंमतराव उठले.

"आमच्या वहिनींनी उन्हातान्हात पाय भाजून घेतले. मले पाहवत नाही. आतापासून शाळेले लागतील तेवढी दप्तरं माझ्याकडून. मांजरपाटाचे तागे आणले हायेत, शिंपी बसवला हाये. वहिनींनी आता आराम करावा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. अन् अन्नपूर्णाबाई चक्क उभी राहिली! देशमुखांची सून, भरल्या सभेत!

"भाऊजी, पाट्याबी लागतात पोरांले. त्या मी गोळा करते."

"पाट्याबी देतो, वहिनी!" पुन्हा टाळ्या.

"मंग पेन्सिली?" तिचा आवाज चिरकला.

"त्याबी देतो!"

"भाऊजी, मले काहीतरी ठेवा हो!"

अन् ती रडू लागली. लोकांले वाटलं, पुण्याचा वाटा मागून राह्यली. मास्तरांनी डोळे पुसले. हिंमतरावांनी हात जोडले. "सारं पुण्य तुमचंच, वहिनी."

संताप संताप झाला माझा! वाटलं, उठावं अन् ओरडावं. पण ओरडून म्हणू काय? त्या भल्या माणसाची चूक तरी कोणती दाखवू?

शाळेपासून तिचं घर हाकेवर. तरी हिंमतरावांनी दमणी आणून ठेवली होती, वहिनीचे पाय पोळू नयेत म्हणून. ती चढली. हिंमतरावांनी आपल्या हातानं पडदा सोडला.