उलटा उमटलेला साकव

शारजातल्या आमच्या वर्कशॉपात पितळी पाट्या बनतात. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने अक्षरं खरवडायची आणि पत्रा अ‍ॅसिडमध्ये सोडायचा. मेण निघालेल्या जागीच अ‍ॅसिड धातू खातं. आठवीत शाळा सोडलेल्या मला एवढं एक काम नीट येतं.

दुबईत अल मनखूलला मुलांना चित्रकला शिकवणाऱ्या एक ताई तांब्याची प्लेट अ‍ॅसिडमध्ये सोडून घ्यायला आल्या. "हे एचिंग. यात शाई भरून कागदावर छाप काढायचे." मोबाईलवर त्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन चित्रकारांची चित्रं दाखवली. नद्या, दलदली, वाकलेली झाडं. धातूवर कोरणं तोवर तिकडे बहुतेक दुसऱ्यांच्या चित्रांच्या नकलांसाठीच चालायचं. हे लोक मात्र प्लेट घेऊन थेट नदीकाठी जाऊन बसले.

"तूही काढ ना, तुझं गाव," ताईंनी उरलेला तुकडा दिला.

"ताई, मी पाटीवाला."

"मग अर्धं काम येतंच की तुला!"

मी खाडीकाठचं आमचं घर काढलं. दाराच्या डाव्या हाताला पलीकडे जायचा लाकडी साकव. रविवारी ताईंनी त्यांच्या घरी छाप काढला. त्यांचा मुलगा म्हणाला, "अंकल, सो कूल!" इतकं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं.

छाप खाटेशेजारी भिंतीला लावला. दोन दिवसांनी त्याचा फोटो आईला पाठवला. खरं तर माझ्या बदली पाठवला. सुट्टी मागितली तर माझ्या जागी दुसरा बसेल, या भीतीने मी तिला दरवर्षी "इन्शाल्ला, पुढच्या वर्षी" सांगतो. आता तीही "तुझं ते इन्शाल्ला राहू दे" म्हणते.

तिचा लगेच फोन आला. "छान आहे. कुणाचं रे घर?"

"अगं, आपलं!"

"आपला साकव उजव्या हाताला कधी गेला? विसरलास होय?"

मी घाबरून ताईंना फोन केला. त्या हसल्या. "अरे, छाप उलटाच येतो! ते चित्रकारही समोर दिसेल तसंच प्लेटवर काढायचे, म्हणून त्यांच्या कित्येक चित्रांत डावं-उजवं बदललंय."

पाटी आम्ही पत्र्यावरच वाचतो, त्यामुळे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आईला समजावलं. "असं होय! मला मेलीला वाटलं, विसरलास," म्हणून ती मोकळेपणी हसली. मला हसता येईना. दोन दिवस तो छाप मी झोपताना-उठताना बघत होतो, आणि त्यात काही चुकलंय असं मला एकदाही वाटलं नव्हतं. हे तिला कसं सांगणार?

सकाळी सुपरवायझरकडे गेलो. सुट्टी मागितली.

"घर में सब ठीक?" त्याने विचारलं.

"हां. घर देखना है."

"अरे वा, नया बनाया क्या?"

"नहीं," मी म्हणालो, "पुराना ही है."