नऊ वेळा ‘अजून थांबा’

आमच्या वाइनच्या कारखान्यात मला ‘नाक’ म्हणतात. तोंडावर साहेब, पाठीमागे नाक. नाक आलं, नाक गेलं, आज नाकाचं काही खरं नाही. मला हे ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर आवडतंही. वाइन चाखून ती लगेच विकायची की मुरायला ठेवायची, आणि ठेवायची तर किती वर्षं, हे सांगणं माझं काम. त्यासाठी मला पगार, खुर्ची आणि एक पिकदाणी मिळते, कारण दिवसाचे तीस-चाळीस घोट गिळले तर माणूस स्वतःच्या पायांनी घरी जाणार नाही. घोट तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि मग विचारमग्न चेहऱ्याने छताकडे बघायचं. ते छताकडे बघणं मात्र मला कुणी शिकवलेलं नाही, ते माझं स्वतःचं.

मी मुळात माल रवाना करणारा कारकून. एकदा एका पिंपाजवळून जाताना, ‘इथे ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय,’ असं सहज बोलून गेलो. ते पिंप बिघडलेलं निघालं आणि मालकीणबाईंनी मला थेट चाखणाऱ्याच्या खुर्चीत बसवलं. त्या दिवशी पिंपामागे खरोखरच ओले पुठ्ठे पडलेले होते, हे मला नंतर कळलं. पण तोवर नेमणुकीचं पत्र हातात पडलं होतं.

घरी या नाकाला काडीची किंमत नाही. “दूध करपून काळं झालं तरी तुम्ही शेजारी पेपर वाचत बसता,” बायको म्हणते, “आणि तिकडे म्हणे वाइनमध्ये जुन्या चामड्याचा वास ओळखतात!” मी तिला सांगतो की ती एकाग्रता वेगळी असते.

पण सांगायचं आहे ते मुकादमांबद्दल. एकतीस वर्षांपूर्वी ते पिंपं धुवायला म्हणून लागले आणि हळूहळू सगळं तळघर त्यांच्या हाताखाली आलं. बुटका, रुंद बांधा, हातांच्या रेषांत कायमचा जांभळा रंग, बोलणं मोजकं. पिंपावर बोटांनी टकटक करून आत किती भरलंय ते सांगायचे आणि ते बरोबर निघायचं. अकरा वर्षांपूर्वी ऐन तोडणीच्या दिवसांत आमचे वाइन बनवणारे तज्ज्ञ शिडीवरून पडले आणि पाय मोडून घरी बसले. तेव्हा एक टाकी मुकादमांनी एकट्याने सांभाळली. द्राक्षं कधी तोडायची, सालं रसात किती दिवस ठेवायची, पिंपांत कधी भरायचं, सगळं त्यांनीच ठरवलं. दोन वर्षांनी त्या पिंपांतून सहाशे बाटल्या निघाल्या.

मालकीणबाई म्हणाल्या, “ही मुरून तयार झाली की बाटलीवर मुकादमांचं नाव छापायचं.” अट एकच होती. कारखान्याच्या नियमाप्रमाणे नाव छापतात ते नोकरीत असलेल्या माणसाचंच, निवृत्त झालेल्याचं नाही. आणि वाइन तयार झाली की नाही हे ठरवणार कोण? अर्थात नाक.

मग दरवर्षी एका ठरलेल्या तारखेला सकाळी अकरा वाजता तळघरात त्यातली एक बाटली उघडायची असा पायंडा पडला. तळघरातच का? कारण वरच्या खोलीत ट्यूबलाइट आहे, हिशेबनिसांचं टेबल आहे आणि तिथे मी कारकूनच दिसतो. खाली दगडी कमानी, पिंपांच्या रांगा, पिवळा दिवा. तिथे मी तज्ज्ञ दिसतो. मी मफलर गुंडाळायचो, मुकादम बूच काढायचे, मी पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग बघायचो, पेला गोल फिरवून वास घ्यायचो, घोट घ्यायचो, थुंकायचो. छताकडे बघायचो. आणि कागदावर लिहायचो : ‘तुरटपणा कडक. वास मिटलेला. अजून थांबा.’

मुकादम समोर उभे असायचे. काही विचारायचे नाहीत. मी ‘थांबा’ म्हटलं की “बरं साहेब” म्हणायचे, पेले धुवायचे आणि उरलेली बाटली बूच लावून घरी न्यायचे. उघडलेली बाटली पेले धुणाऱ्याची, हा आमच्याकडचा जुना रिवाज.

असं आठ वर्षं चाललं. या वर्षी मात्र मुकादमांच्या निवृत्तीला दोनच महिने उरले होते. मला हे माहीत होतं, अख्ख्या कारखान्याला माहीत होतं. त्या सकाळी त्यांनी बूच काढलं, मी घोट घेतला. तोच कडक तुरटपणा, जीभ सालपटासारखी कोरडी. मला वाईट वाटलं. पण वाईट वाटूनही मी निर्णय बदलत नाही या विचाराने मला स्वतःचा जो अभिमान वाटला, तो वाईट वाटण्याहून बराच मोठा होता. मी लिहिलं, ‘अजून दोन वर्षं थांबा,’ आणि कागद मालकीणबाईंच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये टाकला. त्या दुसऱ्या दिवशी परगावाहून यायच्या होत्या.

“बरं साहेब,” मुकादम म्हणाले. या वेळी त्यांनी पेले जरा जास्तच वेळ धुतले.

संध्याकाळी लक्षात आलं की मी चष्मा तळघरातच विसरलोय. फोन केला तर मुकादम म्हणाले, “मी घरी आणलाय, साहेब. पडून फुटला असता.” कारखान्याच्या मागच्याच गल्लीत त्यांच्या दोन खोल्या. साडेसहाला मी दारात उभा. त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, दार उघडलं आणि आत बसवलं. स्वयंपाक चालू होता, खोली ऊबदार होती. टेबलावर साध्या काचेच्या दोन ग्लासांत लाल वाइन होती. वहिनींनी तिसरा ग्लास काढला. मी नको नको म्हणत घेतला.

एक घोट घेतला. काय वाइन होती ती! वाळलेल्या चेरीचा वास, मागून पावसाने भिजलेल्या लाकडाचा. तुरटपणा होता, पण मऊ, घोटाला नुसता आधार देण्यापुरता. गिळल्यावर चव जाईचना. ती किती वेळ टिकते ते बघायला मी मनातल्या मनात सेकंद मोजू लागलो आणि तीसच्या पुढे मोजायचं विसरलो.

“ही कुठून आणलीत?” मी विचारलं. “ही आपल्याकडची नाही. बाहेरची आहे, महागाची आहे. अशी आपल्याकडे होत नाही, मुकादम. हातात कसब लागतं त्याला.”

मुकादमांनी खाली बघितलं. “साहेब, सकाळचीच आहे.”

मी बाटली ओढून बघितली. लेबल नसलेली, त्यावर सकाळी मीच खडूने टाकलेली तारीख. चेहरा कुठे लपवावा कळेना. छताकडे बघितलं, तर तिथे पंखा होता.

वहिनी समोर येऊन बसल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. “साहेब, एक विचारू? तुम्ही कशाची वाट बघताय? गेली पाच वर्षं ही अशीच लागते. मी यांना म्हणते, सांगा साहेबांना. तर हे म्हणतात, याच्याही पुढे काहीतरी चव असणार. आपल्याला कळत नाही, साहेबांना ठाऊक आहे. म्हणून आम्ही वाट बघतोय.”

“पण सकाळी तर...” मी म्हणालो आणि बोलता बोलताच मला कळलं. तळघर अकरा अंशांवर असतं. गार लाल वाइन तोंडात कडक लागते, वास मिटून बसतो, आणि बूच काढल्यावर तिला तास-दोन तास मोकळी हवा लागते. नव्या माणसांना शिकवताना पहिल्या दिवशी मी हेच सांगतो. फळ्यावर लिहून सांगतो. आणि नऊ वर्षं स्वतः मफलर गुंडाळून गारठ्यात उभा राहून, दहा मिनिटांत निकाल देत होतो. का, तर मागे कमानी छान दिसतात.

मी हे त्यांना सांगितलं. वहिनी म्हणाल्या, “गार झालेला चहा कमी गोड लागतो, एवढं तर आम्हालाही कळतं हो.”

मी उठलोच. म्हणालो, “उद्या मालकीणबाईंना सगळं लिहून देतो. ही पाच वर्षांपूर्वीच तयार होती, मीच चुकलो.” माझा आवाज जड झाला होता आणि तो जड झालेला मला आवडतही होता.

मुकादम घाबरून म्हणाले, “असं नका करू, साहेब. पाच वर्षं चुकलं असं लिहिलंत तर तुमची नोकरी राहील का? यंदा तयार झाली, एवढंच लिहा. माझं नाव येण्यासाठी तुमचं जायला नको.”

अशा वेळी माणूस निदान दोन-तीनदा आढेवेढे घेतो. मी म्हणालो, “तुम्ही म्हणताय तर...” आणि चष्मा घालून निघालो.

दुसऱ्या दिवशी झाडूवाल्याच्याही आधी मी ऑफिसात होतो. ट्रेमधला कागद काढला, फाडला, खिशात कोंबला. नवा लिहिला : ‘यंदा पूर्ण मुरली.’ मालकीणबाईंना वरच्या खोलीत, दोन तास उघडून ठेवलेल्या बाटलीतून चाखायला दिली. त्यांनी पेला पुन्हा पुढे केला. मग म्हणाल्या, “छापा.”

लेबल छापून आलं. त्यावर मुकादमांचं पूर्ण नाव होतं. मला ते दोनदा वाचावं लागलं, कारण इथल्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत मी ते कधी विचारलंच नव्हतं.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्यांच्यासाठी छोटा समारंभ झाला. मालकीणबाई पेला हातात घेऊन म्हणाल्या, “मुकादम, तुमच्या हाताची ही जादू मला आधी कळली असती, तर दरवर्षी एक टाकी तुमच्या स्वाधीन केली असती. पण चांगल्या वाइनला घाई चालत नाही. आणि याचं श्रेय एका माणसाला द्यायला हवं. नऊ वर्षं याने धीर सोडला नाही.” त्यांनी माझ्याकडे हात केला.

पाच टाक्या. मी उभ्या उभ्या हिशेब केला. पाच वर्षांपूर्वी मी वर ट्यूबलाइटखाली बसलो असतो, तर त्या माणसाच्या हातच्या आज एक नाही, सहा वाइन असत्या. आता त्याच्याकडे एकही वर्ष उरलेलं नव्हतं. मला लाज वाटली. तोंड उघडायचं होतं. मी ते उघडलं आणि “धन्यवाद” म्हणालो.

टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात मुकादमच वाजवत होते, अगदी मनापासून, ते जांभळे हात वर करून. शेजारी वहिनी उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांच्या हातात पेला होता म्हणून, असं मी स्वतःला सांगतो.