भोकरदनच्या पेठेतल्या लाल फुल्या
तेलरंगाचा वास आला की भोकरदनच्या जुन्या पेठेतली ती दुपार आठवते. रस्ता रुंद करायचा म्हणून दोन माणसं पाडायच्या भिंतींवर लाल फुल्या मारत येत होती. कासाराचं दुकान झालं, अत्तरवाल्याचं झालं, मग आमचं शिलाईचं. पुढं देवीचं छोटं देऊळ होतं. तिथं रंगाऱ्याचा हात थांबला. "मार की," वडील मशीनवरून म्हणाले, "आम्हाला न्हाई सोडलं, मंग तिला कशाला सोडतो?" त्यानं घाबरतच फुली मारली. पाडायला कुणीच आलं नाही, पण वाट पाहून पाहून एकेक दुकानदार आपणहून निघून गेला. वडील अजून दुकान उघडतात. मी डबा घेऊन जाते. बाहेर जड गाडीचा आवाज आला की आम्ही दोघंही बोलायचं थांबतो.