उत्तर न मिळाल्यावर

रक्तपेढीच्या खिडकीशी एक बाई मोबाइल धरून उभ्या होत्या. "साइटवर ओ निगेटिव्ह नाही दाखवतंय. मुलीचं ऑपरेशन आहे, तरी आले विचारायला."

सिस्टरांनी फ्रिज उघडून पाहिला. "दोन पिशव्या आहेत की, ताई."

बाई मटकन बाकावर बसल्या. मागच्या टेबलाशी मी हे ऐकलं आणि लगेच कॉम्प्युटर उघडला, कारण रक्तपेढीची ती साइट मीच लिहिली होती. रक्तसाठ्याची माहिती देणारा सर्व्हर सकाळपासून बंद होता, आणि त्याच्याकडून उत्तर आलं नाही की माझा प्रोग्राम बेधडक 'नाही' सांगत होता.

साइट ज्या तयार सांगाड्यावर, म्हणजे फ्रेमवर्कवर, उभी होती, त्यातल्या ठरीव उत्तरांत मला हवं ते नव्हतं. मी उत्तराचा नवा क्लास, म्हणजे एक नवा प्रकारच, लिहिला: 'साठ्याची माहिती आत्ता मिळत नाही. कृपया फोन करा.' ठाऊक नसलं की आपणही किती सहज नाही म्हणून मोकळे होतो, आणि माणसं विश्वासाने मागे फिरतात.

पिशव्या घेऊन निघताना बाईंनी विचारलं, "माझ्याआधी कुणी पाहिलं असेल का हो?"

मी नोंदी उघडल्या. सकाळपासून नऊ जणांनी ते 'नाही' वाचलं होतं. त्यांतून खिडकीशी आलेल्या फक्त या एकट्या.